उजेडाचा नाद

अकरावीच्या प्रवेश अर्जात ‘छंद’ असा एक रकाना होता. तो कसा भरावा ते मला सुचेना. घरी विचारण्यात अर्थ नव्हता, कारण आमच्याकडे हा शब्द चांगल्या अर्थाने वापरीत नाहीत. छंदीफंदी म्हणजे घर बुडवणारा माणूस. दुसरा शब्द ‘नाद’, आणि तो तर त्याहून वाईट. नाद लागतो तो पत्त्यांचा, तमाशाचा, नाहीतर बाटलीचा. शेवटी शेजारच्या मुलीने ‘वाचन’ असे लिहिले होते तेच मीही लिहिले. त्या वेळी माझ्याजवळ पाठ्यपुस्तकांखेरीज एकही पुस्तक नव्हते.

आज तो अर्ज पुन्हा भरायचा झाला तर मी ‘छायाचित्रण’ असे लिहीन. माझ्याजवळ कॅमेरा नाही. चाकणला कंपनीत कामाला असलेल्या दादाने नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली आहे. तेवढ्या साधनावर हा नाद मला कसा लागला, त्यातून मी काय शिकले आणि पुढे काय होणार हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते अशा दिवसांत त्याने मला कसे धरून ठेवले, हे या लेखात सांगायचे आहे. ‘तुझ्यासारखे फोटो कसे काढायचे?’ असे वर्गातील काही मैत्रिणींनी विचारले होते. त्यांचेही उत्तर ओघात येईल.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो या महाविद्यालयातील वाचकांना नव्याने सांगायला नको. आमचे चार एकर सोयाबीन काढणीला आले होते. घटस्थापनेच्या सुमारास ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाणी थोडे ओसरल्यावर पाहिले तर शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले. घरात देवापुढे घट बसवला होता. त्यातले धान्यही त्याच दिवसांत उगवून आले. आई रोज घटाला पाणी घाली आणि कोंब कितपत वाढले ते कौतुकाने बघे. शेतातल्या कोंबांकडे मात्र कुणाला बघवत नव्हते.

पंचनामा व्हायचा होता. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच म्हणतात. ते येतील तेव्हा येतील, तोवर शेताचे फोटो काढून ठेव, असे अण्णांनी मला सांगितले. ‘कॉलेजला जातीस, एवढं येत असंल तुला.’ त्यात टोमणा नव्हता, तरी मला तो लागला. कारण त्याच आठवड्यात आत्या एक स्थळ घेऊन आली होती. यंदा पीक गेलेच आहे, मेसचे आणि खोलीचे पैसे कुठून भरणार, त्यापेक्षा पोरीचे उरकून टाका, असे तिचे म्हणणे. अण्णा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

मी भर दुपारी शेतात गेले आणि पंधरा-वीस फोटो काढून आणले. एकातही धड काही दिसत नव्हते. साचलेल्या पाण्यात आभाळ पडलेले, ते पांढरेफेक. सोयाबीन म्हणजे नुसता काळा ढीग. अण्णांनी एकेक फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘आपलं काय गेलं, ते यात कुठं दिसतंय?’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला दोन गोष्टी कळल्या. आधी करून पाहून कळल्या. त्यांची कारणे पुढे ग्रंथालयातल्या छायाचित्रणावरील एका जुन्या पुस्तकात सापडली. ते पुस्तक रोलच्या कॅमेऱ्यासाठी लिहिलेले, पण उजेडाचे नियम फोनसाठी वेगळे नसतात.

पहिली गोष्ट उजेडाच्या मोजमापाची. कॅमेरा समोरच्या दृश्यातला उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणून बसवू पाहतो. चौकटीत आभाळ किंवा आभाळाचे प्रतिबिंब जास्त असले की त्याला वाटते उजेड फार झाला. मग तो सगळेच चित्र अंधारे करतो आणि त्यात पीक काळे पडते. उलट, नुसती काळी माती चौकटीत घेतली की त्याला उजेड कमी वाटतो. तो चित्र उजळवतो आणि आमची काळी माती राखाडी दिसू लागते. असा एक फोटो बघून आई म्हणाली होती, ‘ही माती आपली न्हवं. ही कुणाची तरी मुरमाड दिसती.’ आईला छायाचित्रणातले काही कळत नाही, पण चूक तिने बरोबर पकडली.

उपाय सोपा आहे. आपल्याला जे दाखवायचे त्यावर पडद्यावर बोट दाबून धरावे. बहुतेक फोनमध्ये मोजमाप तिथेच कायम होते आणि शेजारी सूर्याची लहानशी खूण दिसते. ती खाली ओढली की चित्र अंधारे होते, वर नेली की उजळते. काळी माती, काळी म्हैस असेल तर खाली. फुटलेला कापूस, बगळा, पांढरा सदरा असेल तर वर. नियम उलटा वाटतो. काळ्याला आणखी अंधारात कशाला न्यायचे, असे मनात येते. पण तसे केल्याशिवाय काळे काळे दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते. सोयाबीनच्या शेंगा पानांखाली खोडाला लागलेल्या असतात, म्हणजे त्या नेमक्या सावलीत राहतात. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. मी सकाळी सातच्या आत चिखल तुडवीत गेले. ऊन आडवे येत होते आणि थेट पानांखाली शिरत होते. या वेळी सूर्य समोर न घेता एका बाजूला ठेवला, आभाळ चौकटीबाहेर काढले आणि खाली बसून एकाच झाडाचा फोटो घेतला. त्यात शेंग, शेंग फोडून निघालेला पांढरा कोंब आणि बाजूची बुरशी अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसत होत्या. प्रत्येक कोंबाला स्वतःची सावली होती. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ परत दिला नाही.

‘आता दिसतंय,’ ते म्हणाले.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. ती लिहायला अजून संकोच वाटतो. परत येताना बांधावरच्या गवतात कोळ्याचे एक जाळे दिसले. त्यावर दव होते, मागून ऊन येत होते आणि शेजारी कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे होते. मी चिखलात गुडघे टेकून त्याचा फोटो घेतला. नंतर मला चोरी केल्यासारखे वाटले. बापाचे शेत कुजले आहे आणि लेक कोळ्याचे जाळे टिपते आहे! तो फोटो मी कुणालाही दाखवला नाही. पण रात्री झोप येईना. पलीकडच्या खोलीत अण्णा आणि आत्या हळू आवाजात बोलत होते. तेव्हा गोधडीत फोन घेऊन मी तोच फोटो पाहत पडले.

त्यानंतर मी रोज सकाळी जाऊ लागले. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मी गावातच होते. मदत मिळेल की नाही, उधारीवाला थांबेल की नाही, मी पुन्हा वर्गात बसेन की नाही, यातले काहीच निश्चित नव्हते. सूर्य उगवायच्या आधी बांधावर पोहोचायचे, एवढे एकच काम पक्के होते. फोटो घेताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर चित्र हलते. तेवढे दोन-तीन क्षण आत्याचा आवाज डोक्यात येत नसे. याने आमची अडचण सुटली नाही, हे मला ठाऊक आहे. पण घरी परतून आईला भाकरी थापू लागायचे तर तेवढी सकाळ मला पुरत असे.

आता थोडे शरद ऋतूविषयी. फोनवर किंवा कॅलेंडरवर शरदाचे चित्र म्हणून लाल-पिवळ्या पानांची झाडे येतात. ती कॅनडाची असतात, जपानची असतात. ती पाहून मीही आधी आमच्या शिवारात लाल पाने शोधत फिरले होते. मिळणार कुठून? आश्विन-कार्तिक हा आपला शरद. त्यात बांधावरचे गवत कमरेएवढे असते आणि झाडांवर पावसाचे पाणी प्यालेली हिरवी पाने असतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले आणि थंडी वाढली की झाड पानातले हरितद्रव्य मोडून परत घेते. मग पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो. आपल्याकडे पाने गळतात ती मुख्यतः जमिनीतला ओलावा आटतो म्हणून, आणि पुष्कळ पाने धड लाल न होता वाळून पडतात. याला आमच्या महाविद्यालयाच्या आवारातला देशी बदाम अपवाद आहे. हा लेख लिहिते आहे त्या फेब्रुवारीत त्याची पाने अशी लाल झाली आहेत की, कॅनडाच्या कॅलेंडरची गरज नाही. त्याच्याखाली रोज शंभर सायकली लागतात. वर कोण बघते?

मग आपल्या शरदात टिपायचे काय? उजेड. हे मला भूगोलाच्या सरांमुळे कळले. पहिल्या वर्षी त्यांनी सावलीचा प्रयोग सांगितला होता, तो मी तेव्हा परीक्षेपुरता पाठ केला. या सुट्टीत प्रत्यक्ष केला. अंगणात एक मीटरची काठी सरळ रोवली आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजली. ती बरोबर बाराला मिळत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, म्हणून तिच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या गावी खरी माध्यान्ह बारा वाजून गेल्यावर होते. आमचे गाव साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. २३ सप्टेंबरच्या सुमारास ती ३२-३३ सेंटिमीटर असायला हवी. त्या दिवशी आमच्याकडे ऊनच नव्हते, म्हणून हा आकडा गणिताचा आहे. दिवाळीत मी मोजली ती अर्ध्या मीटरहून थोडी जास्त भरली. २१ डिसेंबरला ती नव्वद सेंटिमीटरच्या जवळ जाते.

म्हणजे दसऱ्यापासून ऊन दिवसेंदिवस कलत जाते. कललेले ऊन आडवे पडते आणि आडव्या उन्हात ढेकूळ, गवताचे पाते, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरची शीर या सगळ्यांना उठाव येतो. त्यात पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते. सकाळ-संध्याकाळी सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, पिवळा-तांबूस तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. सावलीच्या जागेवर मात्र आभाळाचा विखुरलेला निळा उजेड पडत असतो. म्हणून शरदातल्या सकाळच्या फोटोत ऊन सोनेरी आणि सावली निळसर येते. हे मी सांगितल्यावर विश्वास ठेवू नका. पांढऱ्या धोतरावरची किंवा चुन्याच्या भिंतीवरची सावली एकदा निरखून पाहा.

मराठीच्या मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) वाचायला दिले. त्यात महिन्यामहिन्याने निसर्ग पाहिला आहे. ते वाचल्यापासून मी फोटोंची वही ठेवते. तारीख, वेळ, ऊन कोणत्या बाजूचे आणि झाडाचे गावातले नाव. नावे आई सांगते. तिला बांधावरची किती झाडे नावानिशी माहीत आहेत ते मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हते. अर्जातला तो रकाना तिने सहज भरला असता.

याच पुस्तकांच्या शोधात मला विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज गृहस्थ भेटला. छायाचित्रणाचा शोध लावणाऱ्यांपैकी हा एक. १८३३ च्या ऑक्टोबरात तो इटलीतल्या कोमो सरोवराकाठी चित्रे काढायचा प्रयत्न करीत होता. कागदावर दृश्याची आकृती दाखवणारे एक लोलकाचे उपकरण त्याच्याजवळ होते, ती आकृती गिरवायची एवढेच काम. तेही त्याला जमले नाही. मग त्याच्या मनात आले, हे दृश्य आपले आपणच कागदावर उमटले तर? पुढे त्याने चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर झाडाची पाने ठेवून उन्हात त्यांचे ठसे घेतले. १८३९ मध्ये हे प्रयोग जगापुढे आले. टॅल्बट श्रीमंत होता, त्याच्या आणि माझ्या ऑक्टोबरात काही साम्य नाही. तरी चित्र जमले नाही म्हणून तो खट्टू झाला आणि त्यातून हे निघाले, एवढे वाचून मला बरे वाटले.

चांदीचे क्षार आम्हाला परवडणारे नाहीत. पण जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये फुलापानांच्या रसावर उन्हाचा परिणाम तपासला होता. ते वाचले आणि मी हसलेच. हा प्रयोग आमच्या घरात रोज होतो! हळदीचा डाग लागलेला कपडा साबणाने धुतला की डाग लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की फिका पडत उडून जातो. प्रत्येक आईला हे ठाऊक आहे. म्हणजे हळदीला उजेड कळतो. मग तिच्यावर चित्र का उमटू नये?

मी केले ते असे. दोन चमचे हळद जखमेला लावायच्या स्पिरिटमध्ये कालवली, कारण पाण्यात तिचा रंग नीट उतरत नाही. हे करताना चूल, दिवा जवळ नको, स्पिरिट पेट घेते. ते फडक्याने गाळून चित्रकलेच्या जाड कागदावर कापसाने लावले आणि अंधाऱ्या खोलीत वाळवले. दसऱ्याला घरी आलेल्या सोन्यातले आपट्याचे एक पान पुस्तकात दाबून ठेवले होते, ते त्यावर ठेवले. वर देवाच्या तसबिरीची काच आणि सगळे छपरावर उन्हात. पहिल्या दिवशी ढग आले आणि फुकट गेले. दुसऱ्या दिवशी काच हलली. तिसऱ्या दिवशी दुपारभर कडक ऊन मिळाले. पान उचलले तर भोवतालचा कागद फिका पडला होता आणि मध्ये दोन पाकळ्यांचे पिवळेधमक आपट्याचे पान! धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कागद बुडवला तेव्हा ते तांबूस झाले. तसबीर रिकामी पाहून आई आधी रागावली. मग कागद हातात घेऊन म्हणाली, ‘एक माझ्यासाठी काढ. तुळशीचं.’

पंचनामा झाला. आलेल्यांनी आपापल्या फोनवर आपापले फोटो घेतले, माझे कुणी मागितले नाहीत. मदत खात्यावर जमा झाली ती खत-बियाण्याच्या उधारीत गेली. कार्तिकात अण्णांनी एक खोंड विकले आणि मला एसटीत बसवून दिले. स्थळाला त्यांनी काय कळवले ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. सोयाबीनचे फोटो पुसून जागा मोकळी करू का, असे मात्र मी जाताना विचारले. ‘राहू दे,’ ते म्हणाले.

हळदीचे ठसे टिकत नाहीत. ज्या उन्हाने ते उमटतात तेच ऊन त्यांना पुसते. आपट्याचा पहिला ठसा मी हौसेने खोलीच्या खिडकीशेजारी लावला होता, तो महिन्याभरात उडून गेला. आता उरलेले सात ठसे भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात ठेवले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी दिवेलागणीनंतर यावे, दिवसा मी ते पुस्तक उघडत नाही.